'बाहेरचं' की आजार? अंगात येणं, आवाज ऐकू येणं, छातीवर कोणी बसणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावांत मानसिक आरोग्याची शिबिरं होतात, तिथे मी समुपदेशक म्हणून जाते. बोलणं झालं की बायका मागे थांबतात, पुरुष चिठ्ठी पाठवतात, पोरं रात्री मेसेज करतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, नावं-गावं काढून टाकली आहेत. हे वाचून कुणी औषध सुरू किंवा बंद करू नये. त्यासाठी डॉक्टरांनी माणूस समोर बघायलाच हवा.

१. भूतबाधा, करणी, झपाटणं या सगळ्याचं कारण शरीरातच असतं का?

बऱ्याच वेळा असतं, आणि ते शोधलं तर सापडतं. झोप, फीट, ताप, जीवनसत्त्वाची कमतरता, दारू, बाळंतपण, म्हातारपणी अधू झालेले डोळे यांतून असे अनुभव येऊ शकतात. काही वेळा शरीर ठणठणीत असतं आणि कारण घरातल्या जाचात किंवा दुःखात असतं (प्रश्न ९). भानामतीत तर कारण बऱ्याचदा घरातलंच एखादं माणूस असतं (प्रश्न ११). त्यामुळे 'सगळा मेंदूतल्या रसायनांचा खेळ' एवढं सांगून मी कुणालाही घरी पाठवत नाही. पण शोधाची सुरुवात शरीरापासून करा, हे मात्र प्रत्येकाला हात जोडून सांगते. बरं होण्यासारखे आजार देवरुषाच्या ओट्यावर महिने घालवल्यामुळे हाताबाहेर गेलेले मी पाहिले आहेत.

२. म्हणजे आमचा माणूस नाटक करतो, असं तुम्हाला म्हणायचंय का?

मुळीच नाही. त्याला जे दिसतं, ऐकू येतं ते त्याच्यासाठी तुमच्या-माझ्या बोलण्याइतकंच खरं असतं.

२००६ साली जिनिव्हातल्या डॉक्टरांनी एका प्रयोगाची नोंद प्रसिद्ध केली. २२ वर्षांच्या एका मुलीच्या फीटवर शस्त्रक्रिया करायची होती. त्याआधीच्या तपासणीत तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर-मागे, अगदी सौम्य विजेचा प्रवाह दिला. तिला लगेच जाणवलं की आपल्या पाठीमागे कोणीतरी आहे. ती पडून होती तर तेही पडलेलं. ती उठून गुडघ्यांना मिठी घालून बसली, तर त्यानेही मागून तिला मिठी घातली. ते तिला फार नकोसं वाटलं. वाचायला हातात कार्ड दिलं तर ती म्हणाली, त्याला ते माझ्याकडून घ्यायचंय. प्रवाह बंद केला की ते नाहीसं व्हायचं. आपलं शरीर कुठे आहे याचा हिशोब मेंदूचा तो भाग ठेवतो. हिशोब चुकला की आपलंच शरीर दुसरं कोणी म्हणून जाणवतं. ती मुलगी खोटं बोलत नव्हती, आणि मागे कोणी नव्हतं.

३. रात्री झोपेत छातीवर कोणीतरी बसतं. डोळे उघडे असतात, पण ओरडता येत नाही. हे काय आहे?

याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. नाव भयंकर असलं तरी लकव्याशी त्याचा संबंध नाही. बारावीच्या परीक्षेआधी होस्टेलवर मला हे झालं होतं. पंखा फिरताना दिसत होता, शेजारच्या खाटेवर मैत्रीण झोपलेली दिसत होती, आणि तिला हाक मारायला ओठच हलत नव्हते. दाराकडून कोणीतरी आलं, गादी खचली, छातीवर ओझं आलं. मग एकदम सुटले आणि घामाने भिजलेली उठून बसले. दुसऱ्या दिवशी आईने उशीखाली ठेवायला सुरी पाठवली.

स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खऱ्या भिंतीवर जाऊन आदळेल. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू काही सेकंद किंवा दोन-चार मिनिटं उशिरा मोकळे होतात. फासळ्यांमधले स्नायूही सैल असतात, त्यामुळे खोल श्वास घ्यायला गेलं की छातीवर वजन आहे असं वाटतं. स्वप्न अजून पुरतं विझलेलं नसतं, ते खोलीतच दिसू लागतं. त्यात भीतीची भर पडते.

२०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा सांगतो की साधारण ८ टक्के लोकांना आणि २८ टक्के विद्यार्थ्यांना हे आयुष्यात एकदा तरी होतं. जपानमध्ये त्याला 'कानाशिबारी' म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी बसते म्हणतात. माणसं वेगळी, गोष्टी वेगळ्या. झोप सगळ्यांची सारखीच.

जागरण, रात्रपाळी, परीक्षेचा ताण आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. कुशीवर झोपा, झोपेची वेळ सांभाळा. अनुभव सुरू असताना सगळं अंग हलवायची धडपड न करता पायाचा अंगठा किंवा जीभ हलवून बघा. दिवसाही अनावर झोप येत असेल आणि हसताना गुडघे लुळे पडत असतील, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. तो झोपेचा वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे.

४. भावाला माणसांचे आवाज येतात, ते त्याला शिव्या देतात. आम्हाला काहीच ऐकू येत नाही. त्याला ते कसे येतात?

आपण मनात सतत बोलत असतो. 'हे माझंच बोलणं आहे' अशी खूण मेंदू त्यावर आपोआप करतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात ती खूण पुसट होते आणि आतलं बोलणं बाहेरून आल्यासारखं ऐकू येतं. आवाज येत असताना काढलेल्या मेंदूच्या प्रतिमांमध्ये बोलण्याशी संबंधित भाग काम करताना दिसले आहेत. याला जोडून आणखी एक गोष्ट आढळली. आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही, कारण हात आपलाच आहे हे मेंदूला आधीच कळलेलं असतं. आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांना मात्र स्वतःच्या हाताचा स्पर्शही दुसऱ्याने केल्यासारखा गुदगुल्या करतो.

डोपामिन या रसायनाचाही यात मोठा वाटा आहे. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे पहिलं औषध आलं, तेव्हापासूनची बहुतेक औषधं डोपामिनचा जोर कमी करतात, आणि आवाज ओसरतात. पण आवाज काय बोलतात ते रसायन ठरवत नाही. अमेरिका, घाना आणि चेन्नई इथल्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा अमेरिकेतल्या अनेकांना मारहाणीचे, युद्धाचे आवाज येत होते. चेन्नईतल्या अनेकांना आई, सासू, नणंद असे नात्यातले आवाज येत होते आणि ते आंघोळ कर, स्वयंपाक कर असंही सांगत होते.

आवाज 'जीव दे' किंवा 'त्याला मार' असं सांगत असतील तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येतं.

५. मुलीला अचानक घाण वास येतो, ती टक लावून बघते, पदर चाळवत राहते, मग तिला काही आठवत नाही. शेजारी म्हणतात झाड लागलंय.

ही फीट असू शकते. फीट म्हणजे हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण कानशिलामागच्या भागातून सुरू होणारी फीट अशीच गुपचूप येते. पोटातून भीतीचा गोळा वर येतो, नसलेला वास येतो, 'हे सगळं पूर्वी घडलंय' असं वाटतं, तोंड चघळल्यासारखं हलतं. मिनिट-दोन मिनिटांत संपतं. पुढच्या वेळी घाबरून न जाता मोबाइलवर चित्रण करा. ते वीस सेकंद डॉक्टरांना तुमच्या तासाभराच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडतात.

ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या एका जुन्या ग्रंथात, सुमारे २४०० वर्षांपूर्वी, लिहून ठेवलंय की हा 'पवित्र' म्हटला जाणारा आजार इतर आजारांहून जास्त दैवी नाही. चरकसंहितेतही अपस्मार हा उपचार करण्याचा रोग म्हणूनच येतो. आपण मात्र अजून कांदा आणि चप्पल हुंगवतो. फीट आली की माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू काढा, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा.

६. हुशार, शांत पोरगी आठ-दहा दिवसांत पार बदलली. ओरडते, ओळखत नाही, वेगळ्याच आवाजात बोलते. हे बाहेरचंच ना?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त धास्ती लावतो, कारण इथे दिवस मोजावे लागतात.

इतक्या झपाट्याने बदललेल्या माणसाची आधी पूर्ण शारीरिक तपासणी हवी. २००७ साली एका आजाराची ओळख पटली. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या पेशींवरच्या, संदेश झेलणाऱ्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांवरच (रिसेप्टर) हल्ला करते. तरुण मुलींना तो जास्त होतो आणि कधी कधी त्याचं मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. आधी ताप-डोकेदुखी, मग भास, संशय, आरडाओरडा, तोंडाच्या आणि हातांच्या विचित्र हालचाली, फीट, शेवटी बोलणंच बंद. जुन्या काळी अंगात भूत शिरल्याची जी वर्णनं सांगितली जायची ती आठवावीत असं चित्र. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून निदान होतं, आणि वेळेवर उपचार मिळाले तर दोन वर्षांत पाचांपैकी चार रुग्ण चांगले सावरतात.

हा आजार विरळा आहे. पण मेंदूज्वर, थायरॉइड, रक्तातलं सोडियम घसरणं, बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत ही बरीच दिसते) आणि धोतऱ्याचं बी पोटात जाणं ही कारणं तशी विरळा नाहीत. धोतऱ्यात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं आणि माणूस हवेतल्या वस्तू वेचू लागतो. ताप, फीट, गुंगी, मान ताठ होणं यांपैकी काहीही असेल तर मानसोपचाराच्या रांगेत उभं राहू नका, थेट तातडीच्या विभागात न्या.

गॅस गिझरचंही सांगते. १९२१ साली अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात एका 'झपाटलेल्या' घराची हकिकत आली होती: पावलांचे आवाज, रात्री खाटेजवळ माणसं, मुलं फिकट पडलेली. शेवटी घर गरम करणारी भट्टी बिघडलेली निघाली. तिचा धूर घरात येत होता. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. आपल्याकडे बंद बाथरूममधला गॅस गिझर तोच वायू सोडतो. एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकाच जागी गरगरत असेल तर आधी खिडकी उघडा.

७. नवऱ्याने माळ घातली, दारू एकदम सोडली. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर साप दिसायला लागले. देवाचा कोप झाला का?

नाही हो. त्याने चांगलंच काम केलं, फक्त शरीराला तयारी नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोल म्हणून स्वतःला चढ्या सुरात ठेवतो. दारू अचानक थांबली की तो सूर मोकाट सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, किडे-साप दिसतात, फीट येऊ शकते. यात जीव जाऊ शकतो, म्हणून त्याला दवाखान्यात न्या. तिथे बी-१ ची इंजेक्शनं आणि काही दिवसांचं औषध मिळतं. माळ गळ्यात राहू दे.

८. बाळंतीण सहाव्या दिवसापासून झोपत नाही, म्हणते बाळ आपलं नाही. पाचवी नीट पुजली नाही म्हणून असं झालं का?

बाळंतपणानंतर हार्मोन झपाट्याने घसरतात, झोप उडते, आणि दर हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना पहिल्या दोन आठवड्यांत तीव्र मनोविकाराचा झटका येतो. पूर्वी कधी द्विध्रुवी आजार (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य) झालेला असेल तर धोका बराच वाढतो. ही तातडीची वेळ आहे. तिला आणि बाळाला दोघांनाच खोलीत ठेवू नका. तिच्यावर चिडू नका. उपचारांनी ती बरी होते.

९. दर मंगळवारी सुनेच्या अंगात येतं. हाही मेंदूचा आजार का?

इथे मी 'आजार' हा शब्द जपून वापरते. ढोल-हलगीचा ठेका, उपास, धूप, जोरजोरात घेतलेला श्वास यांनी भान हरपतं. जोरात श्वास घेतल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटं वाकडी होतात, मुंग्या येतात. हे शरीराचं झालं. पण मंगळवारच का, आणि सुनेच्याच का, याचं उत्तर रक्ताच्या तपासणीत मिळत नाही.

एका घरी मी गेले होते. दोन मुलींनंतर तिसऱ्यांदा दिवस गेलेली बाई. अंगात आलं की ती सासूला अगं-तुगं करायची, पाण्याचा तांब्या मागायची, आणि सासू तो दोन्ही हातांनी द्यायची. बाकीचे सहा दिवस तिला कुणी जेवलीस का विचारत नव्हतं. ती काही ठरवून करत नव्हती. मन फार दाबलं गेलं की त्याचा एक तुकडा सुटा होऊन बोलू लागतो. याला विलग होणं म्हणतात. तिला गोळ्या फार लागल्या नाहीत. नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून चार वेळा बोलावं लागलं.

जत्रेत, गोंधळात, देवीपुढे ठरलेल्या वेळी अंगात येतं आणि माणूस नंतर नेहमीसारखा कामाला लागतो, त्याला वैद्यकशास्त्रही आजार म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात आजार तेव्हाच धरतात, जेव्हा ते इच्छेविरुद्ध, प्रथेबाहेर घडतं आणि त्याने जगणं विस्कटतं.

१०. शेतातून येताना चकवा लागला. रात्रभर त्याच बांधावर फिरत राहिलो. याला काय कारण?

अंधारात दूरची खूण दिसत नाही, आणि तशी खूण नसली की माणूस सरळ चालूच शकत नाही. २००९ साली जर्मनीचं जंगल आणि सहारा वाळवंट अशा दोन ठिकाणी लोकांना चालायला लावून हे तपासलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक सरळ गेले. तो ढगाआड गेला की गोल फिरून आपल्याच वाटेवर आले, आणि सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. जुनी माणसं चकवा लागला की बसून राहा, उजाडू द्या म्हणत. तो सल्ला अगदी बरोबर आहे.

११. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात. हे तर सगळ्यांना दिसतं, मग भास कसा?

भास नाहीच. दगड खरे आणि आगही खरी, म्हणून या प्रश्नाला मेंदूचं उत्तर नाही. मराठवाड्यात ज्याला भानामती म्हणतात, त्याच्या मुळाशी जाणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना पुन्हा पुन्हा माणसाचाच हात सापडला आहे, आणि बऱ्याचदा तो घरातल्याच कुणा कोंडमारा झालेल्या माणसाचा असतो. ते नाव चावडीवर जाहीर करू नका. त्या माणसाला एकांतात विश्वासाने विचारा. त्यामागची गोष्ट बहुतेक प्रश्न ९ मधल्या घरासारखीच निघते.

१२. सीटी, एमआरआय, रक्त, सगळं नॉर्मल आलं. मग आता बाहेरचंच मानायचं ना?

स्किझोफ्रेनिया, नैराश्य, द्विध्रुवी आजार यांचं निदान करणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन अजून नाही. तपासण्या करतात त्या गाठ, जंतुसंसर्ग, थायरॉइड अशी दुसरी कारणं वगळायला. अर्धशिशीतही स्कॅन नॉर्मलच येतो आणि डोकं खरंच दुखतं. एक मात्र कबूल करायला हवं. 'सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य' हे सोपं वाक्य आम्ही लोकांनीच गावोगाव सांगितलं, आणि ते तितकं खरं नाही. आई-वडिलांकडून आलेले जीन्स (जनुकं), बालपणीचे घाव, झोप, नशा, कर्ज, एकटेपणा या सगळ्यांचा परिणाम शेवटी मेंदूवरच होतो. औषधाचा गुण मात्र तपासलेला आहे.

१३. आईला स्किझोफ्रेनिया आहे. मुलीचं स्थळ बघतोय. तिलाही होईल का?

सर्वसाधारण माणसाला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता साधारण १ टक्का, आई किंवा वडिलांना असेल तर साधारण १० टक्के. म्हणजे दहांतल्या नऊ जणांना होत नाही. हुबेहूब जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्याला जवळपास निम्म्या वेळाच होतो, आणि त्यांचे जीन्स तर सारखेच असतात. गांजापासून मात्र तिला लांब ठेवा. अशा घरांत त्याचा धोका खरा आहे.

१४. औषध चालू ठेवून देवरुषाकडेही नेलं तर चालेल का?

नारळ फोडायला, अंगारा लावायला, देवापुढे बसायला माझी हरकत कधीच नसते. माणसाला धीर मिळतो, आणि धीराचा शरीरावर परिणाम होतो. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रमच झाला. मुजावर स्वतः लोकांना तिथल्याच डॉक्टरांकडे पाठवू लागले. आपल्याकडचे भगत असं करू लागले तर मी त्यांचे पाय धरीन.

पण मारहाण, मिरचीची धुरी, चटके, साखळदंड आणि 'गोळ्या बंद करा' हे हुकूम चालणार नाहीत. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ रुग्ण गेले. त्यांना पळताच आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षं झगडा केला, आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारणाऱ्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड होऊ शकतो. तक्रार पोलिस ठाण्यात करता येते.

१५. आजोबांना भिंतीवर फेटे बांधलेली छोटी माणसं दिसतात. बोलतात अगदी शुद्धीत. वेड लागलंय का?

डोळे तपासा. नजर गेली की रिकामा बसलेला मेंदू स्वतःच चित्रं काढू लागतो. १७६० साली स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने याने आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांचे असेच भास लिहून ठेवले. आज त्या प्रकाराला त्याचंच नाव आहे. अशा माणसांना चित्रं खोटी आहेत हे बहुतेक वेळा कळत असतं, आणि चित्रातली माणसं आवाज करत नाहीत. आजोबा बरळत असतील, वेळ-काळ विसरत असतील आणि हे दोन दिवसांतच सुरू झालं असेल, तर लघवीचा संसर्ग किंवा सोडियम बघा. पुढचं प्रश्न ६ मध्ये आहे.

१६. वडील जाऊन तीन महिने झाले. आई म्हणते, पहाटे ते खुर्चीत बसलेले दिसतात, खोकल्याचा आवाज येतो. तिला गोळ्या सुरू कराव्यात का?

बहुधा नाही. १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरांनी आपल्या भागातल्या विधवा आणि विधुरांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी सांगितलं की गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवतं, दिसतं किंवा ऐकू येतं. बहुतेकांनी तोवर ते कुणाला सांगितलंही नव्हतं. चाळीस वर्षं रोज पहाटे तो खोकला ऐकलेल्या मेंदूला त्या वेळी तो अपेक्षितच असतो. बऱ्याच जणांना त्याने बरं वाटतं.

आईला विचारा, बाबा दिसले की कसं वाटतं. बरं वाटतं म्हणाली तर खुर्ची तिथेच राहू द्या. अमावास्येला पिंड ठेवा, शांत करा, असा धोशा लावून तिला घाबरवू नका. ती जेवत नसेल, वजन उतरत असेल, 'ते बोलावतात, मला जायचंय' म्हणत असेल, तर मात्र तिला घेऊन या. जमलं तर तुम्हीही पहाटे उठून तिच्याजवळ बसा.